काट्या टाकलेली वाट

मोटार बंद झाली तेव्हा गावाला फारसे काही वाटले नाही. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते. मालकाने मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून काही महिने ती चालवून पाहिली, पण चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची, आणि शेवटी ती धुळ्यातच कुठेतरी उभी राहिली ती राहिलीच. ज्यांना बाजाराला जायचे ते पूर्वीसारखे गाडी जुंपून जाऊ लागले. अडचण झाली ती रोज जाणाऱ्यांची. आमच्या गावातून रोज धुळ्याला जाणारे म्हणजे गिरणीतले थोडे लोक, कचेरीतला एक कारकून, आणि मी.

मी धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझे वडील जळगावला रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होते आणि त्यांनी हौसेने मला सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत ठेवले होते. ते गेल्यावर आई मला घेऊन आपल्या भावाकडे, पांझरेकाठच्या या गावी आली. मामांनी आम्हांला घरात घेतले आणि ते कधी बोलून दाखवले नाही. नोकरी लागल्याचे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "जा. पण मुक्काम घरी. शहरात खोली वगैरे घ्यायची नाही."

गावात मी फारशी बोलत नसे. माझी मराठी पुस्तकी होती आणि अहिराणी तर मला नुसती कळत असे, बोलता येत नसे. विहिरीवर बायका मला काही विचारत आणि मी उत्तर जुळवीपर्यंत त्या पुढच्या विषयावर गेलेल्या असत. वर्गात मात्र तसे होत नसे. फळ्याकडे पाठ करून मुलींकडे वळले की माझा आवाज माझा मलाच ऐकू येई. घरी कोणाला हे सांगितले नाही, पण मी त्या आवाजासाठी जात होते.

शाळेच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. "जागा सध्या तात्पुरती आहे. दिवाळीनंतर इन्स्पेक्टर येतील, ते तुमचा तास पाहतील, मग कायम करू. पहिली घंटा तेवढी चुकवू नका. तुमच्या आधीची बाई त्यामुळेच गेली."

वडिलांनी बदली होऊन जाणाऱ्या एका मडमेकडून माझ्यासाठी बायकांची सायकल घेतली होती. ती आमच्याबरोबर बैलगाडीतून या गावी आली होती आणि गोठ्यात गवताखाली पडून होती. मोटार बंद झाल्यावर ती बाहेर काढली. गावातून मी ती हाताने धरून नेई आणि शेवटच्या घरापलीकडे गेल्यावरच बसत असे.

सडकेवरून सायकल नेणे कठीणच होते. पिंपळनेरकडून लाकडे आणि बांबू भरून येणाऱ्या गाड्यांनी आणि लष्करी लॉऱ्यांनी सडकेची खडी उखडून टाकली होती. उरलेल्या भागात घोट्याएवढा फुफाटा. म्हणून आम्ही सगळे पाटाच्या काठाने जाऊ लागलो. नदीवरच्या बंधाऱ्यातून काढलेला हा पाट आमच्या शिवारातून पुढे जवळजवळ शहरापर्यंत जाई. त्याच्या बांधावर आमच्या चाकांनी एक रेघ उमटली. पण चाकांना जी वाट सोपी तीच बैलांनाही सोपी. गाडीवाले सडक सोडून बांधावर चढू लागले. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला, त्यात गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांनी चाकोऱ्या पाडल्या आणि उघडीप पडताच त्या तशाच वाळून घट्ट झाल्या. एका सकाळी माझे पुढचे चाक अशा चाकोरीत अडकले आणि मी सायकलसकट पाटात पडले.

मला बाहेर काढले ते पाटकरी आबांनी. पाटाचे पाणी कोणाच्या शेतात केव्हा सोडायचे हे पाहणारा तो पाटकरी. हे आबा तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. त्यांनी आधी सायकल काढली, मग मला हात दिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घर जाय, माय. आंगवर सगळा चिखल शे."

त्या दिवशी पहिली घंटा चुकली. मोठ्या बाई हजेरीपटाकडे बघत राहिल्या.

पाटातला गाळ काढायला दर वर्षी प्रत्येक घरातून एक माणूस जातो. त्या वर्षी गाळाची बैठक पारावर बसली तेव्हा आबांनी वाटेचा विषय काढला. मामा तिथे होते. घरी येऊन त्यांनी सगळे हुबेहूब सांगितले.

"पोर पाटमा पडनी," आबा म्हणाले होते. "पाट आपला, पोर आपली. वाट करनी पडी."

कोणीतरी विचारले, "आबा, तुम्ले बी सायकल लेनी शे का?"

"मी ते म्हशीवर बसीसन जासू. तू तुनं देख."

सगळे हसले आणि वाट करायचे ठरले. मामा सांगताना खूश होते. आई चुलीपुढे बसून ऐकत होती. तिने पदराने डोळे पुसले. माझ्यासाठी एवढे लोक राबणार याचा मला आनंद होण्यापेक्षा धाक वाटला. शाळेत कोणी फार लाड केले की वाटायचा तसा.

काम मी रविवारी पाहिले. आधी गाळाची माती बांधावर टाकून तो रुंद केला. टेकडीवरून गाड्या भरभरून मुरूम आला. बायका टोपल्यांनी तो पसरत, पुरुष पाटातले पाणी शिंपडत आणि दोघे दोघे समोरासमोर उभे राहून धुम्मस मारत, तो चोपून बसवत. गिरणीत मागावर काम करणारा एक तरुण माझ्यासारखाच रोज सायकलने जाई. तो मला अक्का म्हणे. तो घामाने निथळत होता आणि तोंडाने थांबत नव्हता. "अक्का, ही वाट इतकी गुळगुळीत होणार की गिरणीत झोप लागली तरी सायकल घरी येईल." मी मामीबरोबर पाणी वाटत फिरले. आबा नवीन मुरमावर टाच रोवून बघत, खूण उमटली तर पुन्हा धुम्मस मारायला लावत. संध्याकाळी पाण्याकडेने एक तांबूस पट्टी सरळ गेलेली दिसली. आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटले, "छान झाली." आणखी काही म्हणायला हवे होते.

मग त्यांनी तिच्यावर काट्या टाकल्या.

आमच्याकडे जपायच्या वस्तूवर काट्या टाकतात हे मला तोपर्यंत नीट कळले नव्हते. भाजीच्या वाफ्याभोवती, कडब्याच्या गंजीला, ओल्या सारवलेल्या अंगणाच्या तोंडाशी वाळलेल्या बाभळीची फांदी आडवी घालायची. गुरे फिरकत नाहीत, पोरे फिरकत नाहीत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कळते की इथे कोणी मेहनत केलेली आहे. वाट मुरेपर्यंत तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत काट्या राहिल्या. नंतर मधल्या उचलल्या, पण जिथे जिथे गाडी बांधावर चढू शकेल तिथल्या ठेवल्या. आम्ही त्या बाजूला ओढायच्या, सायकल काढायची आणि पुन्हा आडव्या करायच्या, असे ठरले.

पहिल्या सकाळी मी त्या वाटेवरून निघाले तेव्हा चाकाचा आवाजसुद्धा येत नव्हता. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला बाजरी. मी बहुधा हसतही असेन. अर्ध्या वाटेवर मागचे चाक जड वाटू लागले. उतरून पाहिले तर हवा गेलेली. पुढे तो गिरणीतला विणकर आपली सायकल खांद्यावर घेऊन चालला होता.

"अक्का, तुमची पण?"

"हो."

"मुरूम नाही हो, हा काट्यांचा चिवडा आहे."

वाळलेल्या फांदीचे काटे उचलताना गळतात. ते मुरमात मिसळले होते. पांढरे, बोटाएवढे, पण वरून गवताच्या काडीसारखे दिसणारे. शहराच्या तोंडाशी पंक्चरवाल्याने पक्कडीने माझ्या टायरातून ते एकामागून एक काढले आणि ताटलीत ठेवले. "बाई, तुमच्या गावात यंदा काय पेरलंय?" त्याने विचारले. विणकर म्हणाला, "बाजरी, भुईमूग आणि आम्ही."

घंटा चुकली होती.

मी बोलले नाही असे कोणी म्हणू नये. त्याच संध्याकाळी मी आबांकडे गेले. रस्ताभर वाक्य जुळवले होते, तरी अडखळलेच. आबांनी सगळे ऐकून घेतले. मग वहाणा काढून हातात घेतल्या आणि माझ्यादेखत त्या वाटेवर अनवाणी चालू लागले. मी मागे मागे. बराच लांब जाऊन ते थांबले, पाय वर करून मला तळवा दाखवला. आयुष्यभर चिखलात आणि ढेकळांत चाललेला तो तळवा चामड्यासारखा होता.

"एक बी काटा नही," ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच एकही लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विणकराने आपल्या टायरातून काढलेले काटे कागदात बांधून त्यांना दाखवले तेव्हा मात्र त्यांना पटले. मग ते मला पाटाच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. तिथली काटी कोणीतरी सरपणाला नेली होती आणि लगेच एक गाडी बांधावर चढली होती. मुरमाची सबंध कड ढासळून पाटात गेली होती.

"देख. काटी नही ते बैल चढतीन. काटी शे ते तुनी सायकल जात नही." त्यांनी खरेच विचारले, "आते तूच सांग, माय, काय करानं?"

मी शिकलेली, म्हणून त्यांनी मला विचारले. सिस्टरांच्या शाळेत मी पुष्कळ गोष्टी शिकले, पण बैलगाडीवाल्याला समजावून सांगायचे कसे ते तिथे नव्हते. सडकेवरून जाणारी गाडी आज या गावची, उद्या त्या गावची, कोणाला सांगणार? आणि त्यांच्या बैलांचे खूर त्या उखडलेल्या खडीवर रक्तबंबाळ होत, तेही मी पाहिलेले होते.

आबांनी उपाय केला. जुनी गोणपाटे भिजवून त्यांवर दगड ठेवले आणि वाटेवरून ओढली. ओल्या गोणपाटाला काटे चिकटून यायचे. बायका ती झटकायच्या, पुन्हा भिजवायच्या. चार दिवस बरे गेले. मग काटी हलली, गाडी चढली, चाकोरी पडली. पुन्हा मुरूम, पुन्हा धुम्मस, आणि मुरूम मुरेपर्यंत पुन्हा काट्या. कधी काटा, कधी चाकोरी, असे आलटून पालटून चालले. गाव थकत नव्हते. मीच थकत होते, आणि ते दाखवायची सोय नव्हती.

ट्यूब मिळत नव्हती. रबर सगळे लढाईला जात होते. पंक्चरवाला ठिगळावर ठिगळ लावी आणि दर वेळी ट्यूब उजेडाकडे धरून म्हणे, "बाई, आता हिच्यात मूळची ट्यूब थोडीच राहिली." गिरणीतले दोघे शहरातच एका चाळीत राहायला गेले. विणकर म्हणाला, "मीही जाणार, अक्का. तुम्ही पण बघा काहीतरी."

मी बघितले. एका रात्री जेवणानंतर आईने मामांजवळ विषय काढला. शाळेतल्या एका विधवा बाईंच्या घरी मला एक खोली मिळत होती. मामा सुपारी कातरत होते.

"महिन्याभरापूर्वी म्हणाली असतीस तर विचार तरी केला असता," ते मला म्हणाले. आईशी बोलताना असे त्यापेक्षा त्यांचा आवाज मऊ होता. "आता गावाने तुझ्यासाठी वाट केली. घराघरातला माणूस राबला. तू खोली घेऊन राहिलीस तर मी पारावर कोणत्या तोंडाने बसू?"

आईने माझ्याकडे पाहिले आणि ताटे उचलली.

शाळेत मोठ्या बाईंनी मला बोलावले. त्या रागावल्या नव्हत्या. "मी तुम्हांला दोष देत नाही," त्या म्हणाल्या. "पण घंटा मला वेळेवर द्यावीच लागते. इन्स्पेक्टर या आठवड्यात येतील. पहिला तास तुमचाच ठेवला आहे. त्या दिवशी तरी."

मी घरी मामांना सांगितले, मामांनी आबांना, आणि आबांनी गावाला. आदल्या दिवशी दुपारपासून पाटावर माणसे दिसत होती. मी शाळेतून परतले तेव्हा वाट झाडून, शिंपून, चोपून तयार होती. गोणपाट तर त्यांनी किती वेळा ओढले असेल कोण जाणे. आणि सकाळपर्यंत कोणी ती बिघडवू नये म्हणून तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत काट्या अंथरलेल्या होत्या.

मी आईला म्हटले, मी चालत जाते. उजाडायच्या आत निघते. आई म्हणाली, "अगं, ते सगळे येणार आहेत तुला पोचवायला."

ते आले होते. पाटाच्या तोंडाशी आबा आणि सातआठ जण लांब काठ्या घेऊन उभे होते. मी सायकल हातात धरून चालू लागले तर आबा म्हणाले, "बस, माय. बस सायकलवर. इस्पेक्टर वाट देखी ऱ्हायना व्हई." मी बसले. माझ्या पुढे दोघे धावू लागले, काठीने एकेक फांदी उचलून बाजूला फेकत. ते दमले की पुढचे दोघे. फांद्या उचलल्या जात होत्या आणि त्यांच्यामधून मी हळूहळू पॅडल मारत होते, गावातल्या मोठ्या माणसांना घोड्यांसारखे पुढे पळवत. मला उतरायचे होते. पण ते मला कोणालाच सांगता आले नसते. बाजरीच्या कापलेल्या शेतात एक बाई काम सोडून उभी राहून आमच्याकडे बघत होती, आणि तिने पदर तोंडावर घेतला.

अर्धी वाट झाली तेव्हा पुढचे चाक गेले. थोड्या अंतरावर मागचेही.

आबा गुडघ्यांवर हात ठेवून दम खात होते. मग त्यांनी एकाला गाडी आणायला शेतातून गावाकडे पळवले. गाडी जुंपून येईपर्यंत आम्ही सगळे तिथेच उभे होतो. मी म्हटले, मी चालत पुढे होते. आबा म्हणाले, "नही, नही, घामघूम होशी. साहेबना पुढे नीट जावाले जोयजे." गाडी आली, सायकल तिच्यात घातली, मला बसवले. आबा स्वतः हाकायला बसले. बैल चांगले होते, पण बैल ते बैल. सडकेवर तर पावलापावलाला गाडी आदळत होती. आबा सबंध वाटभर बोलत होते: पुढच्या वर्षी मुरमाखाली दगड भरू, बांधाला चिंचा लावू, सावली होईल. मी "हो" म्हणत होते. पोचेपर्यंत उन्हे वर आली होती.

माझ्या वर्गातून माझाच धडा ऐकू येत होता. शहरात राहणाऱ्या एका बाईंनी तो घेतला होता आणि चांगला घेतला होता. मी दाराबाहेर उभी राहून शेवटचा भाग ऐकला. इन्स्पेक्टर बाहेर आले तेव्हा मोठ्या बाईंनी माझी ओळख करून दिली नाही. त्यांनी मला अवघड होऊ नये म्हणून तसे केले, हे मला नंतर कळले.

त्या बाईंना माझी जागा मिळाली. मोठ्या बाईंनी मला मुद्दाम बोलावून सांगितले आणि चांगला दाखला दिला. मी मुलींचा निरोप घेतला नाही. त्यांच्यासमोर बोलायला उभी राहिले असते तर आवाज राहिला नसता.

आईला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "बरं," ती म्हणाली, आणि निवडत राहिली. मामा म्हणाले, "गावात इतक्यात बोलू नका. आबांना वाईट वाटेल."

चारपाच दिवसांनी आबाच घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. "बाईनी सायकल काब्र दिसत नही?"

"शाळेला सुट्टी आहे तिच्या," मामा म्हणाले.

"मंग चाल, माय. वाट देखाले चाल."

मी गेले. वरच्या अंगाची ढासळलेली कड त्यांनी दगड रचून बांधून काढली होती. दोन माणसे धुम्मस मारत होती. मुरूम ओला होता आणि संध्याकाळच्या उजेडात फार सुंदर दिसत होता. आबांनी टाच रोवून दाखवली. खूण उमटली नाही.

"चालव ना जराशी," ते म्हणाले. "देखू दे तरी."

"ट्यूब नाही, आबा. फाटली. आता ठिगळ बसत नाही."

"नवी?"

"मिळत नाही."

"कधी मिळी?"

"लढाई संपल्यावर, म्हणतात."

आबांनी पाण्याकडे पाहून मान हलवली. लढाई म्हणजे काय आणि ती कुठे चालली आहे, यापैकी त्यांना किती माहीत होते मला ठाऊक नाही.

"मंग तवर वाट जपनी पडी," ते म्हणाले, आणि धुम्मस मारणाऱ्यांकडे वळून त्यांना पलीकडची कडही घ्यायला सांगितली. मी तिथे उभी राहून बघत होते. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनीच मला घरी जायला सांगितले.